बिनबैलाची गाडी

प्रवासाला निघालेला मराठी माणूस कसा ओळखावा, असे कुणी विचारले तर मी म्हणेन, त्याच्या सामानात निदान एक नग असा असतो की तो बरोबर का घेतला, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा ह्यांची कारणे सांगता येतात. परंतु काशीयात्रेला निघालेल्या आमच्या एका आत्याबाईंनी बसायचा पाट बरोबर का घेतला होता, ह्याचा उलगडा त्या यात्रा करून परत आल्यावरही झाला नाही. ‘असू द्यावा जवळ’ एवढेच त्या म्हणाल्या. ‘असू द्यावे जवळ’ हे आमच्या प्रवासशास्त्राचे आद्य सूत्र आहे. आगगाडीच्या प्रवासात ते खपून जाते. पाट घेतला म्हणून इंजिनाची चाल बदलत नाही, आणि हमालाने कुरकुर केली तरी चार पैसे जास्त घेऊन तो गप्प बसतो.

ह्या सूत्राचा फेरविचार करण्याची पाळी माझ्यावर आली ती कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या आमच्या घरासमोर, एका दोन चाकी ट्रेलरपाशी. मोटारीच्या मागे जोडून न्यायचे हे चिमुकले घर अमेरिकेत अश्रुबिंदूच्या नावाने ओळखले जाते. पुढून गोल, मागे निमुळते, बाजूने पाहिले तर गालावरून ओघळणारा थेंब आडवा करून चाकांवर ठेवावा तसे. हा प्रकार तिकडे १९३० नंतरच्या मंदीच्या दशकात निघाला. दुसरे महायुद्ध संपले, सैनिक घरी आले, अल्युमिनियमचे पत्रे बाजारात आले आणि १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने तो घरच्या घरी बांधण्याचे नकाशेच छापले. आपण तिकडे स्वराज्याच्या घरात पाऊल ठेवत होतो त्याच वर्षी अमेरिकन गृहस्थ अंगणात हातोडी घेऊन पाच फुटी घर ठोकत होता. पुढे मोठ्या ट्रेलरांचे दिवस आले आणि हा थेंब विस्मृतीत गेला. अलीकडच्या काळात तो पुन्हा आवडीचा झाला आहे.

आमच्याकडे तो आला ह्याचे कारण सौभाग्यवतींचा उजवा गुडघा. वीस वर्षे आम्ही तंबूत झोपलो. तंबूत झोपणे सोपे, उठणे अवघड. डॉक्टरांनी जमिनीवर बसण्याउठण्याची बंदी केली, तेव्हा रानात जाणे सोडायचे की जमीन सोडायची असा प्रश्न पडला. आम्ही जमीन सोडली.

ह्या ट्रेलरची रचना मोठी फसवी असते. पुढच्या भागात दोन माणसांचे अंथरूण. उभे राहता येत नाही, बसता येते. स्वयंपाकघर मागे, बाहेरच्या बाजूला. मागचे झाकण वर उचलले की ओटा, चार कप्पे, शेगडीची जागा. झाकण डोक्यावर छपरासारखे राहते आणि गृहिणी उघड्या आभाळाखाली उभी राहून पोहे परतू शकते. आता मला सांगा, मराठी गृहिणीला चार रिकामे कप्पे दाखवल्यावर काय होईल? डाळतांदूळ, कणीक, कांदेबटाटे, तेलाची बाटली, मिसळणाचा डबा, कुकर, बिडाचा तवा, हे सगळे तिथे जाऊन बसणार. म्हणजे घरातले सर्वांत जड सामान चाकांच्या मागे, आणि चाकांच्या पुढे उशा आणि पांघरुणे! चाकांची जोडी एकच. तराजूचे एक पारडे मागे, एक पुढे, आणि मध्ये आस. नेमके मागचेच पारडे भरायचा मोह व्हावा, अशी ही मांडणी आहे.

ट्रेलरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ह्याबद्दल एक आकडा असतो. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा शेकडा दहा ते पंधरा भाग पुढच्या दांडीवर, म्हणजे मोटारीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर पडला पाहिजे. आमचा ट्रेलर रिकामा १,०५० पौंड भरतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे अशा ट्रेलरचे वजन १,५०० पौंडांवर गेले की त्याला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. आमच्याला ते नाहीत. म्हणून आम्ही ४०० पौंडांपलीकडे सामान भरत नाही. एकूण झाले १,४५०. म्हणजे दांडीवर निदान १४५ आणि फार तर २१७ पौंड.

जास्त झाले तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो, चाक वळवले तरी मोटार मनापासून वळत नाही, आणि रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. कमी झाले तर ह्याहून वाईट. वाऱ्याचा एक झोत बाजूने आला, किंवा शेजारून मोठा ट्रक गेला, की ट्रेलरचा मागचा भाग घड्याळाच्या लंबकासारखा झुलू लागतो. एक झोका, दुसरा त्याहून मोठा, तिसऱ्याला ट्रेलर मोटारीला ओढू लागतो. घाबरलेला माणूस ब्रेकवर पाय मारतो, आणि मोटार थांबू पाहत असता मागचे ओझे तिला आडवी ढकलते. खरे म्हणजे त्या वेळी वेग देणारा पाय उचलावा, हातातले चाक सरळ धरावे आणि गती आपोआप उतरू द्यावी. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यातली मोटार आणि तिच्या मागे खेळण्यातला ट्रेलर ठेवून हा प्रयोग दाखवतात. वजने आसाच्या पुढे ठेवली की बोटाने कितीही ढकला, ट्रेलर दोन झोक्यांत सरळ होतो. तीच वजने मागे सरकवली की एका टिचकीसरशी सगळे उलटेपालटे.

सिएरा नेवाडाच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी ३९५ क्रमांकाचा हमरस्ता दक्षिणोत्तर जातो. डोंगराच्या माथ्यावरून वारा तिथे असा उतरतो की उंच वाहनांसाठी सूचना लावाव्या लागतात. त्या रस्त्याच्या कडेला एकदा मी एक मोठा ट्रेलर कुशीवर पडलेला पाहिला. माणसे सुखरूप होती, घोंगड्या पांघरून बाजूला उभी होती. वाळूत मात्र पातेली, मुलांची पुस्तके, एक गुलाबी सायकल आणि खाटेवरची गादी विखुरली होती. एखाद्याच्या संसाराचे सगळे कप्पे कुणी भर रस्त्यात उघडून दाखवावेत तसे ते वाटले. त्या दिवसापासून शेकडा दहा ते पंधरा हा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही.

२०२२ च्या दिवाळीत ह्या आकड्याने आमच्या घरात वेगळेच नाट्य घडवले. मुलगी बावीस वर्षांची. कड्यांवर चढण्याचा तिला नाद. दिवाळीच्या आठवड्यात मैत्रिणीला घेऊन ती बिशपला जाणार होती. बिशप म्हणजे त्याच ३९५ रस्त्यावरचे गाव. आमच्या घरापासून डोंगर ओलांडून दिवसभराची वाट. चढणाऱ्यांची ती पंढरी. आजवर ट्रेलर ओढण्याचे काम माझ्याकडे असे. ह्या वेळी तो ती नेणार होती, आणि मी बरोबर नव्हतो.

मुलगी पहिल्यांदा एकटी निघाली की बापाची काळजी आणि आईची काळजी ह्यांत एक फरक असतो. बापाची काळजी सूचनांच्या रूपाने बाहेर पडते. मुलगी त्या ऐकत नाही, त्यामुळे त्यांचे वजन होत नाही. आईची काळजी मात्र डब्यांच्या रूपाने बाहेर पडते. चिवडा, चकल्या, शंकरपाळी, बेसनाचे लाडू. मग चार दिवस नुसते फराळावर कसे राहायचे म्हणून डाळतांदूळ. डाळतांदूळ म्हणून कुकर. भाकरी करावीशी वाटली तर म्हणून बिडाचा तवा. आणि ताजे आले कुटून चहात घालता यावे म्हणून लोखंडी खलबत्ता! मागच्या झाकणाखालचे चारी कप्पे भरले. पाण्याचे पाच-पाच गॅलनचे दोन डबेही तिथेच टेकवून ठेवले होते. गॅलनभर पाणी सव्वाआठ पौंडांहून थोडे अधिक भरते. म्हणजे नुसते पाणीच ऐंशी पौंडांच्या वर. मी स्नानघरातला वजनकाटा आणायला आत गेलो. दांडीच्या टोकाखाली ठोकळा आणि ठोकळ्याखाली हा काटा ठेवला की दांडीवरचे वजन घरच्या घरी कळते. हा उद्योग आम्ही दर खेपेला करतो.

काटा घेऊन मी बाहेर आलो तो आबा ट्रेलरपाशी उभे.

आबा म्हणजे माझे वडील. वय वर्षे ऐंशी. सहा महिन्यांसाठी साताऱ्याकडून आमच्याकडे आले होते. अमेरिकेत आलेल्या वडीलधाऱ्यांचे जे होते तेच त्यांचे झाले होते. मोटार चालवता येत नाही, टपालवाल्याशी बोलता येत नाही, आणि सुनेला विचारल्याशिवाय दूध तापवायची शेगडीही पेटत नाही. ज्या माणसाने चाळीस हंगाम स्वतःच्या बैलगाडीतून साखर कारखान्याला ऊस घातला, तो माणूस खिडकीपाशी बसून दुसऱ्यांच्या हिरवळीवरचे फवारे पाहत असे. मी काही विचारले की म्हणत, “माजं काय, बरं चाललंय.” आषाढात बेंदूर आला, तेव्हा तेवढे एकदा ते सकाळपासून बोलले नव्हते.

आबांनी ट्रेलरभोवती एक फेरी घातली. वाकून आस पाहिला. मग मागच्या बाजूला तळहात टेकून हलकेच दाबले आणि पुढच्या दांडीकडे पाहिले.

“आरं, ह्यो गाडा उलाळ हाय,” ते म्हणाले.

“आजोबा, उलाळ म्हणजे?” मुलीने विचारले.

आणि आबा बोलू लागले. चार महिन्यांत मी त्यांना सलग इतके बोलताना ऐकले नव्हते. गाडीचा कणा एकच असतो. ओझे कण्याच्या मागे गेले की गाडी मागे बसते, धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालचे पट्टे आवळून बैलांना फास बसतो. ती उलाळ गाडी. ओझे फार पुढे आले की सगळा भार मानेवर. चार कोसांत बैलाचा खांदा सुजतो, आणि खांदा आलेला बैल पुढचे आठ दिवस जुवाला लावता येत नाही. म्हणून भरताना एकाने धुऱ्यापाशी उभे राहायचे. मोळी पडली की जू उचलून बघायचे. एका माणसाला ते उचलले पाहिजे, पण सुखासुखी उचलता कामा नये.

“म्हणजे दहा ते पंधरा टक्के,” मुलगी म्हणाली.

“टक्कं मला कळत न्हाईत बाय. बैलाला इचारायचं.”

आबांनी दांडीला हात घातला, गुडघे वाकवून थोडी हालवली आणि पुन्हा खाली टेकू दिली. “सव्वा मण,” ते म्हणाले. मण आता कोण मोजतो! परंतु आबांचे हात मणाच्या काळात तयार झाले. किलोग्रॅम त्यांच्या डोक्यात गेला, हातांत उतरला नाही. मी काटा लावला. १०० पौंड. सरकारी मण ८२ पौंडांचा. सव्वा मण म्हणजे १०२. मी इंजिनिअर आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटण्यासारखी ती वेळ नव्हती.

मग आजोबा आणि नात ह्यांनी मिळून ट्रेलर पुन्हा भरला आणि मला फक्त काट्यावरचे आकडे वाचण्याचे काम दिले. तरफेचे गणित मुलीने कागदावर मांडले. आस ते गोळा हे अंतर ९ फूट. साठ पौंडांची स्वयंपाकाची पेटी आसाच्या मागे ३ फुटांवर असली तर दांडीवरचा भार २० पौंडांनी कमी करते. तीच आसाच्या पुढे ३ फुटांवर ठेवली तर २० पौंडांनी वाढवते. पेटी तीच, खाऊ तोच, आईही तीच. नुसत्या जागेने ४० पौंडांचा फरक. पाण्याचे डबे दीड फूट मागे होते, ते एक फूट पुढे आणून आसाजवळ तळाशी बसवले. त्याने आणखी २३. काटा १६३ वर गेला. आबांनी पुन्हा दांडी हालवून पाहिली आणि म्हणाले, “दोन मण. आता जाऊ दे.”

जड ते खाली आणि आसाजवळ, हलके ते वर आणि टोकांना. हा एक नियम पाळला की बाकीचे सामान आपोआप जागा धरते. अंथरुणांच्या वळकट्या पुढच्या कोपऱ्यात. आमच्याकडे छताखाली एक जाळे टांगलेले आहे. त्यात टोप्या, मोजे, टॉवेल अशी बिनवजनाची चिल्लर जाते. अमेरिकन लोकांना त्याचे मोठे कौतुक. आमच्या आजीच्या घरी त्याला शिंके म्हणत आणि त्यात लोणी असे. गॅसची टाकी दांडीवर, उभी. ती आडवी करायची नाही, कारण तिच्या तोंडाची झडप टाकीतल्या वायूसाठी आहे, पातळ गॅससाठी नाही. आणि चाके फिरत असताना ती बंद हवी. सरपण बरोबर न्यायचेच नाही. लाकडातून झाडांचे किडे एका रानातून दुसऱ्या रानात जातात, म्हणून जिथे जाळायचे तिथेच विकत घ्यावे, असे तिथले वनखाते सांगते. ह्या एका शहाणपणाने ओझे पन्नास पौंडांनी हलके होते. आणि खाण्याचे पदार्थ रात्री ट्रेलरमध्ये ठेवायचे की नाहीत, हे प्रत्येक रानाच्या नियमावर. जिथे अस्वले आहेत तिथे मुक्कामाच्या जागी लोखंडी पेट्या असतात, फराळ त्यांत. योसेमिटीच्या रानात १९९८ साली अस्वलांच्या उपद्रवाचे दीड हजारांवर प्रसंग नोंदले गेले. कित्येक मोटारींची दारे अस्वलांनी डब्याची झाकणे उचकटावीत तशी उचकटली. मग पेट्या आणि नियम आले, तेव्हा उपद्रव कमी झाला. बेसनाच्या लाडवाचा खमंग वास ज्याला येत नाही असे अस्वल अजून जन्मले नसावे.

घरी परतल्यावरचा विधीही आबांना दाखवला. तंबूचे कापड वाळल्याशिवाय घडी करायचे नाही, नाहीतर भुरी येते. पांघरुणे दाबून नव्हे, मोकळी टांगून ठेवायची. कणकेचा एक कणही कप्प्यात राहता कामा नये. उंदराला निमंत्रणपत्रिका लागत नाही. चाकांवरचा भार उतरवून आसाखाली टेकू द्यायचा. सगळ्या वस्तू गराजातल्या एका फळीवर ठरलेल्या जागी. प्रत्येकीच्या जागेखाली नाव लिहिलेले, म्हणजे राहिलेली जागा पाहून काय बरोबर गेले ते कळते. आबा म्हणाले, “पावसाळ्यात गाडी आमी अशीच टेकूवर चढवायचो.” मग थोडे थांबून, “आन् बेंदराच्या आदल्या दिशी खांदं मळायचो.”

मुलीला खांदेमळणी ठाऊक नव्हती. आबांनी सांगितले. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचे, गरम पाण्याने शेकायचे. वर्षभर ज्या जागेने ओझे ओढले त्या जागेवर हात फिरवायचा. “बैल बोलत न्हाई,” ते म्हणाले, “पर वझं चुकलं तर थांबतो. मान हालवतो. फुसफुसतो. तुज्या ह्या मोटारीचं तसं न्हाई. ती गप ओढती.”

मी ह्या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. आमच्या मोटारीच्या इंजिनाला १,४५० पौंड म्हणजे काहीच नव्हे. मागे काय आहे, कसे भरले आहे, ह्याची जाणीव ती चालवणाऱ्यापर्यंत पोहोचूच देत नाही. गुळगुळीत रस्त्यावर, शांत हवेत उलाळ ट्रेलरही शहाण्यासारखा मागे येतो. चूक कळते ती वारा सुटल्यावर. बैल अंगणातच सांगतो, मोटार साठ मैलांच्या वेगात सांगते, आणि तेव्हा ऐकायला वेळ नसतो. म्हणून जिथे बैल नाही तिथे काटा लागतो. कुणाच्या तरी मानेवर ओझे पडतेच. ती मान दिसत नसली तर ती कुठे आहे, हे आधी शोधून त्यावर हात ठेवून बघावे लागते.

शुक्रवारी पहाटे मुलगी निघाली. दांडी गोळ्यावर बसवली, कडी लावली, दोन्ही साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून तिरप्या घेतल्या. कडी दगा देऊन दांडी खाली आली तर ती रस्त्यावर न आपटता ह्या साखळ्यांच्या झोळीत पडते. दिवे तपासले. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. मी ती तिसऱ्यांदा सांगितली आणि तिने तिसऱ्यांदा मान हलवली. सौभाग्यवतींनी तिच्या हातावर दही घातले. आबांनी दांडीवर एकदा हात फिरवला. हळद नव्हती, पण हात तसाच फिरला.

त्या दिवशी घरात कुणाचेच कामात लक्ष नव्हते. दुपारी मी नकाशा उघडून बसलो. आता टाहो सरोवर मागे पडले असेल. आता मोनो सरोवर. आता शेरविनचा लांब उतार. तिथे मोटार खालच्या गतीत घालून उतरायचे, ब्रेकवर सारखा पाय ठेवायचा नाही. हे मी सांगितले होते का? सांगितले होते. आबा खिडकीपाशी होते, पण फवारे पाहत नव्हते; समोरच्या झाडाचा शेंडा पाहत होते. तो हलत होता.

संध्याकाळी फोन आला. वारा होता. मोनो सरोवराच्या पुढे एक मोठा ट्रक शेजारून गेला तेव्हा ट्रेलर हलला.

“मग?” आम्ही तिघे एकदम म्हणालो.

“मग काही नाही. एकदा हलला आणि सरळ झाला. मी पाय उचलला. आजोबांना सांगा, उलाळ नव्हता.”

आबांनी फोन हातात घेतला. पण काय बोलावे हे त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, “जेवलीस का?”

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती आकाशकंदिलाचा खोका काढायला गराजात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी जाऊन पाहिले. फळीपाशी त्या उभ्या होत्या. फळीवर, आपापल्या नावाच्या जागी, नीट पुसून ठेवलेले तीन नग होते: कुकर, बिडाचा तवा आणि लोखंडी खलबत्ता. फराळाचा मात्र एकही डबा मागे राहिला नव्हता.

“तुम्हांला ठाऊक होतं?” त्यांनी विचारले.

मला ठाऊक नव्हते. दाराशी आबा उभे होते. ते मान वळवून हिरवळीकडे पाहू लागले, त्यावरून कुणाला ठाऊक होते ते कळले. मी मनातल्या मनात हिशेब केला. तिन्ही नग मिळून पंधरा पौंड. पेटी आसाच्या पुढे ३ फुटांवर. म्हणजे दांडीवरचे ५ पौंड कमी. १५८. शेकडा अकरा पडतात.

“चालेल,” मी म्हणालो.

“काय चालेल?” सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांनी खलबत्ता उचलला, हातावर तोलून पाहिला आणि पुन्हा त्याच्या जागी ठेवला. मग कंदिलाचा खोका काढून त्या आबांना म्हणाल्या, “आबा, हा जरा धरा. फार जड नाही.”